कधीच म्हातारा न झालेला सम्राट

पुसेगावातल्या एखाद्या लग्नात आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ बघितलीय का तुम्ही? सोन्याच्या गोल चकत्या, अगदी नाण्यांसारख्या. नाणं गळ्यात मिरवायची हौस आपल्याकडे फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी जहाजाने भारतात आलेली रोमन सोन्याची नाणीसुद्धा भोकं पाडलेली, कडी जोडलेली सापडतात. मराठवाड्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या. सोनं परवडत नसेल तर माती, पण मुखडा तोच हवा!

अशाच एका मुखड्याचा मालक ऑगस्टस. जन्म इ.स.पू. ६३, मूळ नाव ऑक्टेव्हियस. आजीचा भाऊ ज्युलियस सीझर याचा इ.स.पू. ४४ मध्ये खून झाला, तेव्हा हा १८ वर्षांचा, तब्येतीने यथातथाच. सीझरने मृत्युपत्रात त्याला दत्तक घेतलेलं. घरचे नको म्हणत होते. यानं वारसा घेतलाच. त्याच उन्हाळ्यात धूमकेतू दिसला आणि लोकांनी ठरवलं, सीझर देव झाला. मग काय, हा देवाचा मुलगा! नाण्यांवर तसं कोरूनही घेतलं. पुढच्या १४ वर्षांत त्यानं एकेक प्रतिस्पर्धी संपवला, तोही निर्दयपणे. इजिप्त जिंकल्यावर नाण्यावर मगर आली. न वाचता येणाऱ्यालाही कळावं, असं चित्र.

पण खरं बघण्यासारखं नाणं इ.स.पू. २ नंतरचं. सोन्याचं असेल तर वजन साधारण ८ ग्रॅम. एका बाजूला ऑगस्टस, सोबत ‘राष्ट्रपिता’ ही नवी पदवी. दुसऱ्या बाजूला गायस आणि ल्युशियस, मुलीची मुलं, त्यानं वारस म्हणून दत्तक घेतलेली. दोघांमध्ये ढाली-भाले, वर पुजाऱ्याची पळी आणि शकुन बघणाऱ्याची वाकडी काठी. म्हणजे युद्धही यांचं, धर्मही यांचाच.

नाण्यावर नाही ते असं: पदवी मिळाली त्याच वर्षी त्यानं या पोरांच्या आईला, स्वतःच्या एकुलत्या एक लेकीला, बदचालीच्या आरोपावरून बेटावर हद्दपार केलं. इ.स. २ मध्ये ल्युशियस गेला, इ.स. ४ मध्ये गायस. ऑगस्टस गेला इ.स. १४ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडून. नाण्यावरचा चेहरा मात्र शेवटपर्यंत तरणाच.

त्या दोन पोरांची नाणी, विशेषतः चांदीची, भारतात भरपूर सापडली. इथल्या कारागिरांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. अक्षरं चुकली, पण ढाली, भाले आणि ती दोन पोरं जागच्या जागी.