तीन हजार डॉलरचे गाणे

१९८७ साली शनेल कंपनीच्या अत्तराच्या जाहिरातीत एक विसरलेले गाणे वाजले आणि ब्रिटनमध्ये ते विक्रीत पाचव्या क्रमांकावर गेले. ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’ हे ते गाणे. गायिका नीना सिमोन, आणि आवाज तीस वर्षांपूर्वीचा! १९५७ साली, चोवीस वर्षांच्या असताना, बेथलहेम कंपनीसाठी केलेल्या पहिल्या तबकडीत त्यांनी ते गायले होते. हक्क अवघ्या तीन हजार डॉलरला विकून टाकले होते. जगाला गाणे पुन्हा सापडले तेव्हा मालक दुसरेच होते.

त्यांचे मूळ नाव युनिस वेमन. जन्म २१ फेब्रुवारी १९३३ चा, नॉर्थ कॅरोलिनातील ट्रायन गावचा. आई धर्मोपदेशक, पण पोटासाठी गोऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. मुलीचा हात पियानोवर चालतो हे पाहून मालकिणीने शिकवणीचा खर्च उचलला. अकरा-बारा वर्षांच्या युनिसचा जाहीर कार्यक्रम ठरला. आईवडील पुढच्या रांगेत बसले होते. गोऱ्यांना जागा हवी म्हणून त्यांना मागे पाठविण्यात आले. मुलगी अडून बसली. आईबाप पुन्हा पुढे आले, तेव्हाच तिने पियानोला हात लावला. पंक्तीतून उठविले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तिला शास्त्रीय पियानोवादक व्हायचे होते, गायिका नव्हे. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेने प्रवेश नाकारला. कारण वर्ण नव्हते, असे तिथल्या एका शिक्षकाने पुढे सांगितले. नीना यांनी ते कधीच मानले नाही. त्या कार्यक्रमातली मागची रांग पाहिलेल्या मुलीने का मानावे?

१९५४ साली त्या अटलांटिक सिटीतील एका बारमध्ये पियानो वाजवू लागल्या. गाणार नसशील तर काम नाही, असे मालकाने बजावले, म्हणून गायल्या. धार्मिक आईला कळू नये म्हणून नाव बदलले.

सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवून चार काळ्या मुलींचा जीव घेतला. त्या संतापातून नीना यांनी ‘मिसिसिपी गॉडॅम’ लिहिले. दक्षिणेतील अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजविण्यास नकार दिला. त्यांनी मात्र ते सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चातील लोकांसमोर १९६५ साली गायले.

२१ एप्रिल २००३ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या दोनच दिवस आधी कर्टिस संस्थेने त्यांना मानद पदवी दिली होती. नकारानंतर बावन्न वर्षांनी!