गयेचे देऊळ बांधणारी माउली

भगिनींनो, भाद्रपदात पितृपंधरवडा आला की आपल्या घराघरांतून खीर-वडे होतात, घरधनी पाणी सोडतात आणि कावळ्यासाठी पान बाहेर ठेवले जाते. ज्यांना साधते ते जन्मात एकदा काशी करून पुढे बिहारात गयेला जातात आणि विष्णुपदाशी पितरांचे पिंड ठेवून येतात. ते विष्णुपदाचे आजचे देऊळ आपल्याच शेजारच्या गावच्या लेकीने बांधले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

सीना नदीकाठचे चौंडी हे त्यांचे माहेर. ते जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेपासून जवळच आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी ही चुणचुणीत, देवभोळी मुलगी पाहिली आणि आपल्या खंडेरावासाठी सून करून नेली. सासरी त्या लिहिणे-वाचणे, हिशेब, कारभार शिकल्या. मल्हारराव मोहिमेवर गेले म्हणजे मागचे पुष्कळसे काम सुनेवर सोपवीत.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा वृद्ध सासऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांना मागे फिरविले. त्या मागे फिरल्या म्हणून पुढचे सारे घडले. सासूबाई गौतमाबाई १७६१ साली गेल्या, १७६६ साली मल्हारराव गेले आणि १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तेरा वर्षांत घर रिकामे झाले. दुसरी एखादी असती तर कोनाड्यात तोंड लपवून बसली असती. अहिल्याबाईंनी पदर खोचला, नर्मदेकाठी महेश्वरी राजधानी केली, सैन्याचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि अखेरपर्यंत राज्य चालविले. विधवेचे धन सरकारजमा होऊ न देणे आणि तिला दत्तक घेण्याची मोकळीक देणे, ही त्यांच्या न्यायाची मोठी खूण समजली जाते.

देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा त्यांनी भारतभर बांधल्या, आणि त्याही आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७८० सालचे. आपल्या परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धारही त्यांचाच. तेथल्या पायऱ्या चढताना आपण देवाचे नाव घेतो, तसे त्यांचेही घ्यावे.

गयेचे देऊळ १७८७ सालचे. फल्गू नदीच्या काठी हे दगडी, अष्टकोनी शिखराचे देऊळ उभे आहे. आत विष्णूच्या पावलाचा ठसा असलेली शिळा आहे आणि तिच्याभोवती चांदीचे कोंदण. पुढच्या खांबांच्या मंडपात दूरदूरचे लोक ओळीने बसून पिंड देतात. फल्गू ही वाळूखालून वाहणारी नदी म्हणून प्रसिद्ध आहे. सीतामाईने येथेच दशरथाला वाळूचा पिंड दिला, अशी कथा आहे. तेव्हा गयेला पिंड देण्याची पहिली आठवण सांगतात तीही एका सुनेचीच.

तेथे बापाचे पिंड देतात, तसे आईचेही निराळे सोळा पिंड देतात. नऊ महिने पोटात वागविल्याचे, बाळंतपणाच्या कळांचे, रात्री ओल्यात निजून लेकराला कोरड्यात निजविल्याचे, अशा एकेका कष्टाची आठवण काढून एकेक पिंड ठेवायचा असतो. शेवटी धर्मपिंड देतात. तो नात्यातल्यांचा नव्हे. ज्यांना पाणी द्यायला मागे कोणी उरले नाही, त्यांचा तो पिंड.

येथे माझे मन थबकते. ज्या बाईने ही जागा बांधली, तिचा मुलगा वीस वर्षांपूर्वीच गेला होता. पुढे मुलगी मुक्ताबाई हिचा तरुण मुलगा नथ्याबा गेला, १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले, आणि आईने परोपरीने विनवूनही मुक्ताबाई सती गेली. सासऱ्यांच्या शब्दाने ज्या स्वतः चितेवरून परतल्या, त्यांना पोटच्या लेकीला परतविता आले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी अहिल्याबाईंनी देह ठेवला, तेव्हा मागे पोटचे कोणीही नव्हते.

आपल्यातल्या कितीतरी जणींना मूल नाही, कितींना नुसत्या मुलीच आहेत. मागे पाणी कोण देईल, हा बोल त्यांना अजून ऐकावा लागतो. त्यांनी अहिल्याबाईंकडे पाहावे. आपल्याला पाणी कोण देईल, हे त्या मोजीत बसल्या नाहीत. परक्यांच्या आईबापांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी दगडावर दगड चढविला. दोनशेहून अधिक वर्षे लोक तेथे पिंड देत आले आहेत. ज्या बाईचे केलेले इतक्यांच्या उपयोगी पडते, तिला निपुत्रिक कोण म्हणेल?

यंदा सर्वपित्रीला पाने वाढाल, तेव्हा एक घास चौंडीच्या ह्या लेकीच्या नावाने काढा. आणि शेजारी कोणी एकटी म्हातारी असेल, तर तिला आजच, तिच्या हयातीतच, जेवायला बोलवा.