कीटकांचा सोबती फाब्र

अंबाजोगाईच्या डोंगरात सीताफळाची फुले उमलली, की बारीक भुंगेरे वासाच्या मागाने त्यांच्याकडे येतात. कीटकांच्या अशा वाटा शोधण्यात फ्रान्समधील झां हेन्री फाब्र यांनी आयुष्य वेचले. १८२३ साली ते गरीब घरी जन्मले व पुढे शिक्षक झाले. फुलांचे परागण मुलींना शिकविले, एवढ्यावरून लोक खवळले! १८७० मध्ये त्यांची नोकरी व घर दोन्ही गेली. तरी अभ्यास सुटला नाही. १८७९ मध्ये त्यांनी खडकाळ माळ घेतला व तेथेच कीटक पाहत राहिले. एकदा पतंगाची मादी त्यांनी काचेखाली झाकली. नर आले, पण समोरच्या मादीला ओलांडून, ती आधी बसली होती त्या ओकच्या डहाळीवर त्यांनी झुंबड केली. गंध तेथेच राहिला होता.