रेव्हरंड टिळकांची भजने

धार-देवासकडील मराठी घरांना भजनाचा नाद नवा नाही. १९४८ पासून १९९२ पर्यंत कुमार गंधर्व देवासला राहिले आणि तेथील नाथपंथी जोग्यांच्या गाण्यातून त्यांची निर्गुणी भजने फुलली. भजन उसन्या गळ्याने म्हणता येत नाही, हे त्यांच्या कितीतरी आधी एका मराठी कवीने ओळखले होते. त्याचे उपासनामंदिर मात्र निराळे. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, ब्राह्मण कुळात झाला. संस्कृताचे अध्ययन व तुकोबांच्या अभंगांची गोडी हे त्यांचे खरे धन होय. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची आगाऊ कल्पनाही नव्हती. त्या माउलीवर जणू आकाशच कोसळले, आणि दोघांची कित्येक वर्षे ताटातुटीत गेली. टिळकांविषयी कितीही आदर असला तरी हा घाव हलका लेखता येणार नाही.

पुढे ते अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करू लागले. त्या काळी मंडळीत बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गाइली जात. चालीत बसावा म्हणून शब्द ताणावा लागे. ऱ्हस्वाचे दीर्घ होई, अर्थ लंगडे. माझी मायबोली कोकणी. मराठी मी प्रेमाने शिकलो व शिकवतो; तरीही ठेच लागताच तोंडून निघते ते कोकणीच. मग ईश्वरापुढे रडणाऱ्याने परक्या चालीत का रडावे? कृष्णराव सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती, हे श्रेय त्यांचेच. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात व ओवीत आणले. तुकोबांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यामुळे त्यांच्या अभंगांत सोंग नाही. शंभरांहून अधिक गीते त्यांनी उपासनेला दिली.

तरी मनाला एक सल होताच. वेतन घेऊन ईश्वराचे गुण गाणाऱ्याचे गाणे लोकांना कितपत खरे वाटावे? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड हलविले व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तेथे मज्जाव नव्हता. पुष्कळ ख्रिस्ती बांधवांनाही हे रुचले नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा अपुरे होते. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे बहुतेक सारे लक्ष्मीबाईंनी लिहिले.