ज्यांना बिअर आवडत नव्हती, त्या लुई पाश्चरमुळे आज आपण बिअरच्या बाटलीवरची तारीख बघतो

पनवेलच्या कुठल्याही बिअर शॉपीसमोर शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. दोन प्रकारची गिऱ्हाईकं दिसतील.

पहिलं गिऱ्हाईक येतं, ब्रँडचं नाव सांगतं, चिल्ड आहे का विचारतं, पैसे देतं आणि निघून जातं. दुसरं गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन उलटीसुलटी करतं. कधी बनली ते वाचतं. ही फ्रिजमधलीच आहे ना, की बाहेरच्या खोक्यातली आत्ता आत ठेवली, असं विचारतं. मागच्या रांगेतले वैतागतात, दुकानदार वैतागतो, पण गडी हलत नाही.

हा दुसरा म्हणजे क्राफ्ट बिअरवाला. छोट्या ब्रुअरीत, थोड्या प्रमाणात आणि वेगवेगळ्या चवीत बनणाऱ्या बिअरच्या मागे असलेला. ही बिअर महाग असते, त्यामुळे चुकीची बाटली घेतली तर पैसे वाया जातात आणि वीकेंडही.

त्याच्या डोक्यात चाललेले प्रश्न साधारण तीनच असतात. बिअर किती जुनी आहे? ती कुठे आणि कशी ठेवली होती? आणि ती गरम करून टिकवलेली आहे की जिवंत आहे?

आता गंमत बघा. हे तिन्ही प्रश्न ज्या माणसामुळे पडायला लागले, त्याचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. तेच ते, दुधाच्या पिशवीवर ज्यांचं नाव असतं ते. लुई पाश्चर. आणि या पाश्चर साहेबांना स्वतःला बिअर फारशी आवडायची नाही.

मग हा माणूस बिअरच्या नादाला लागला कसा? गोष्ट सुरुवातीपासून बघू.

चामड्याच्या घरातला पोरगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल या गावचा. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते, त्यामुळे घरात देशाभिमान ठासून भरलेला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोरगं वाढलं आर्बुआ या गावात. हा भाग वाईनसाठी ओळखला जातो. म्हणजे या पोराच्या आजूबाजूला होती ती द्राक्षं, बिअर नव्हे.

पुढे ते पॅरिसला शिकले, रसायनशास्त्रात नाव कमावलं आणि १८५४ मध्ये लील या शहरात प्राध्यापक आणि विज्ञान शाखेचे डीन म्हणून आले. लील हे कारखान्यांचं शहर. १८५६ मध्ये तिथले एक कारखानदार त्यांच्याकडे तक्रार घेऊन आले. बिगो त्यांचं नाव. त्यांचा मुलगा पाश्चर यांच्या हाताखाली शिकत होता. बिगो बीटपासून अल्कोहोल बनवायचे, पण काही पिंपं आपोआप आंबट होऊन फुकट जात होती.

पाश्चर यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपातला थेंब थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या पिंपात गोल गोल यीस्ट दिसलं. बिघडलेल्या पिंपात भलतंच काही वळवळत होतं.

तेव्हा बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की आंबणं ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे. पाश्चर म्हणाले, नाही, हे काम जिवंत जीव करतात. चांगला जीव असेल तर अल्कोहोल मिळतं, चुकीचा घुसला तर आंबट पाणी.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. विरजण चांगलं असेल तर दही छान लागतं. विरजणच बिघडलेलं असेल तर दूध कितीही चांगलं घ्या, दह्याला वास येणारच. आपल्या आज्यांना हे अनुभवाने माहीत होतं. त्यामागे नेमकं कोण काम करतंय, हे पाश्चर यांनी दाखवलं.

दुःखावर दुःख

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना वाईन का बिघडते हे शोधायला सांगितलं. पाश्चर यांनी उपाय काढला. वाईन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवायची. उकळायची नाही, फक्त बिघडवणारे जीव मरतील इतकीच तापवायची. यालाच पुढे पाश्चरायझेशन म्हणायला लागले.

पण याच काळात घरी काय चाललं होतं? थोरली मुलगी जान १८५९ मध्ये टायफॉइडने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, पुन्हा टायफॉइडनेच. डोळ्याला न दिसणारे जीव माणसाचं काय करू शकतात, हा त्यांच्यासाठी फक्त अभ्यासाचा विषय राहिला नव्हता.

ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना स्वतःला पक्षाघाताचा झटका आला. वय फक्त ४५. शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. तरी माणूस थांबला नाही.

बिअर आली ती रागातून

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. फ्रान्सचा सपाटून पराभव झाला. पाश्चर यांचा मुलगा सैन्यात होता आणि त्याची काहीच खबर नव्हती. अधू शरीराने, कडाक्याच्या थंडीत, हरलेल्या सैन्याच्या गर्दीत ते त्याला शोधत फिरले. मुलगा सापडला, पण मनातला राग गेला नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी त्यांनी परत केली.

जर्मनीचा अभिमान कशात होता? बिअरमध्ये. त्यात आल्सास हा बिअर आणि हॉप्ससाठी ओळखला जाणारा भागही युद्धानंतर जर्मनीकडे गेला. मग पाश्चर यांनी ठरवलं की फ्रान्सची बिअर जर्मनीपेक्षा चांगली बनवून दाखवायची. १८७१ मध्ये त्यांनी बिअर बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तिला नाव दिलं राष्ट्रीय सूडाची बिअर.

आवड नसलेल्या पेयावर एवढी मेहनत घ्यायची, तर चव कोण बघणार? बेर्तँ नावाचा त्यांचा जुना मित्र बिअरचा शौकीन होता. प्रयोगशाळेतल्या बिअरची चव घ्यायचं आणि पाश्चर यांची थट्टा करायचं काम त्याच्याकडे होतं.

काम सुरू झालं फ्रान्समधल्या क्लेरमाँ शहराजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत. सप्टेंबर १८७१ मध्ये पाश्चर लंडनला गेले आणि तिथल्या व्हिटब्रेड या बड्या ब्रुअरीत शिरले. पोर्टर या काळ्या बिअरचं यीस्ट त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि तोंडावर सांगितलं की यात गडबड आहे. मॅनेजर मंडळींना कबूल करावं लागलं की पोर्टर खरोखरच बिघडतेय. आठवड्याभराने पाश्चर परत गेले, तर ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता.

बिअर चांगली की वाईट हे तोवर जीभ सांगायची, आणि तेही बिअर बनून गेल्यावर. आता ते आधी कळायला लागलं.

नाव त्यांचं, पण पद्धत त्यांची लाडकी नव्हती

१८७६ मध्ये पाश्चर यांचं बिअरवरचं पुस्तक आलं. खरा ट्विस्ट इथे आहे.

आज पाश्चराइज्ड बिअर म्हटलं की आपल्याला वाटतं, ही पाश्चर यांची बिअर. पण बिअर तापवण्यावर पाश्चर यांचा फारसा जीव नव्हता. वाईनला तापवणं चालतं, पण बिअरची मजा तिच्या ताजेपणात आणि गॅसमध्ये असते, तापवल्याने त्याला धक्का बसतो, असं त्यांचं मत होतं. त्यांचा भर होता मुळात स्वच्छ बिअर बनवण्यावर. मॉल्टचं उकळलेलं गोड पाणी हवेतल्या धुळीपासून दूर, झाकलेल्या टाकीत थंड करा आणि त्यात शुद्ध यीस्ट घाला. बिघडवणारा जीव आत गेलाच नाही, तर नंतर त्याला मारायची गरज काय?

हा धागा पुढे डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गने पकडला. त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. पाश्चर यांचं लक्ष मुख्यतः जिवाणूंवर होतं. चुकीच्या जातीचं यीस्टही बिअर बिघडवतं, हे हान्सन यांनी दाखवून दिलं.

पण धंद्याचं गणित वेगळं होतं. अमेरिकेत बडवायझरवाल्यांना रेल्वेने देशभर बिअर पाठवायची होती. त्यांच्यासाठी बाटली बंद करून तापवणं हा सोपा मार्ग होता. जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी तोच धरला.

आपल्या पनवेलजवळ, तळोजा एमआयडीसीत, किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना आहे. अशा मोठ्या कारखान्यातली बाटली ट्रकमधून, गोदामातून, मे महिन्याच्या उकाड्यातून दुकानात पोचते आणि काही महिने टिकते. त्यासाठी साधारण पद्धत अशी की बंद बाटली ६० अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवतात.

दुसऱ्या टोकाला पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीसारख्या मायक्रोब्रुअरी आहेत. हे नाव नाशिकच्या देवळालीवरून इंग्रजीत गेलेल्या शब्दाचं आहे बरं का. अशा ठिकाणी बिअर टाकीतून थेट ग्लासात येते, त्यामुळे ती तापवायची गरज नसते. पण ती घरी न्यायची तर थंडच ठेवायची आणि लवकर संपवायची.

मग बाटली निवडायची कशी?

पाश्चर यांचं म्हणणं दुकानात लावून बघा.

पाश्चराइज न केलेली म्हणजे आपोआप भारी, असं नाही. जिवंत बिअर आठवडाभर उकाड्यात पडली असेल तर ती बिघडायचीच शक्यता जास्त. तिच्यापेक्षा तापवलेली आणि नीट ठेवलेली साधी बिअर परवडली.

तापवलेली म्हणजे वाईट, असंही नाही. बाटलीबंद क्राफ्ट बिअरही काही वेळा तापवलेली असते. पण तापवल्याने जीव मरतात, म्हातारपण थांबत नाही. हॉप्सचा वास काळाबरोबर उडतोच. म्हणून आयपीएसारखी हॉप्सवर उभी असलेली बिअर जितकी ताजी तितकी बरी. तारीख बघायची ती यासाठी. काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली बाटली तर सोडूनच द्या, कारण उजेडानेही हॉप्स बिघडतात आणि बिअरला उग्र वास येतो.

आणि हो, महाराष्ट्रात बिअर घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. तिथे पाश्चर कामाला येणार नाहीत.

शेवट मुंबईत

बिअरनंतर पाश्चर रोगांकडे वळले. बिअर बिघडवणारे जीव असतात, तसे माणसाला आजारी पाडणारेही असणार, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला होता. जुलै १८८५ मध्ये त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली आणि पोरगं वाचलं. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ ला ते गेले.

पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. तेव्हा लस बनवायला जो माणूस पुढे आला, तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच काम केलेला होता. वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची.

तर पुढच्या वेळी बिअर शॉपीत तुमच्यापुढचा कुणी बाटली उलटी करून तारीख वाचत बसला, तर लगेच वैतागू नका. बिगोंचं पिंप का बिघडलं, हे शोधणाऱ्या माणसाचाच प्रश्न तो विचारतोय.