विश्लेषण : टिटवाळ्याच्या परिषदेपासून दिल्लीच्या लोकसभेपर्यंत... जमिनीच्या लढ्यातून खासदार झालेले ठाण्याचे शामराव परुळेकर कोण होते?

टिटवाळा म्हटलं की आज महागणपतीचं मंदिर, अंगारकीची रांग आणि वाढत चाललेल्या इमारती आठवतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतलं हे गाव सकाळी लोकल पकडणाऱ्या चाकरमान्यांचं उपनगर झालं आहे. मात्र जानेवारी १९४५ मध्ये याच टिटवाळ्यात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची एक मोठी परिषद भरली होती. महाराष्ट्र राज्य किसान सभेची स्थापना त्या परिषदेत झाली. पुढे ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारीचं काय झालं, याची सुरुवात इथूनच सांगावी लागते.

ही परिषद घडवून आणणारी दोन माणसं म्हणजे शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाईंचं नाव अनेकांना माहीत असतं, कारण त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक. शामराव मात्र बऱ्याचदा ‘गोदावरीबाईंचे पती’ एवढ्या ओळखीवर थांबतात. ते ठाण्याचे खासदार होते, हे तर ठाण्यातही फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आंबेडकरांच्या पक्षाचे आमदार

शामरावांचा जन्म १९०२ चा. पूर्ण नाव शामराव विष्णू परुळेकर. गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात ते कार्यकर्ते होते. गोदावरी गोखले या तरुण कायदा पदवीधर कार्यकर्तीशी त्यांची ओळख झाली ती याच संस्थेत. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याआधीच शामराव विधिमंडळात पोहोचले होते. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले, तेही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. त्या वर्षी बाबासाहेबांनी कोकणातली खोती रद्द करण्यासाठी विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला सारा गोळा करणारा माणूस. कागदावर तो मध्यस्थ, गावात मात्र मालक. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकला. या मोर्चाच्या नेत्यांमध्ये बाबासाहेबांसोबत शामराव होते.

त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते पुढे होते. १९३९ मध्ये परुळेकर दाम्पत्य कम्युनिस्ट पक्षात गेलं. महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवासही झाला.

म्हणजे १९४५ मध्ये टिटवाळ्याला पोहोचलेला हा माणूस विधानसभेची कार्यपद्धती, कामगार कायदा आणि तुरुंग या तिन्ही गोष्टी पाहून आलेला होता. हे लक्षात घेतलं नाही, तर पुढची लढाई नुसती उद्रेकासारखी वाटते. ती तशी नव्हती.

ठाणे जिल्ह्यात तेव्हा नेमकं काय चाललं होतं?

तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे आजचा ठाणे आणि पालघर मिळून, शिवाय उंबरगाव तालुका. (पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी.) डहाणू-उंबरगाव पट्ट्यात बहुसंख्य वस्ती वारल्यांची. जमीन कसणारे तेच, पण नावावर जमीन जवळपास कुणाच्याच नाही. ती गेली कशी, याचं उत्तर एका शब्दात सापडतं : खावटी.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून भात उसनं आणायचं आणि सुगीला दीडपट किंवा दुप्पट परत करायचं. एक वर्ष पीक बुडालं की कर्ज, कर्जापोटी जमीन. जमीन गेली की तोच शेतकरी त्याच शेतावर मजूर. लग्नासाठी पैसे घेतले तर नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. आणि वेठ तर सगळ्यांनाच, म्हणजे आधी मालकाच्या शेतावर फुकट काम, मग वेळ उरला तर स्वतःचं.

हे आरोप फक्त चळवळीचे नव्हते. ब्रिटिश सरकारचे सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी भागाची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यातही हे सगळं नोंदलेलं आहे. तो अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. सरकारला माहीत नव्हतं, असं म्हणायला म्हणूनच जागा राहत नाही.

टिटवाळा ते झरी : चार महिने

परिषदेच्या तयारीसाठी गोदावरीबाई गावोगाव फिरल्या. त्यांच्या सांगण्यावरून उंबरगावकडचे काही वारली टिटवाळ्याला आले. त्यात माह्या धांगडा होते. आपल्या गावात काय चालतं, ते त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. बाकीच्या महाराष्ट्रातून आलेल्या शेतकऱ्यांनाही ते ऐकून धक्का बसला.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. सुमारे पाच हजार लोक जमले. ठराव सरळ होते : वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचं नाही, रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. मजुरी ठरली दिवसाला बारा आणे, म्हणजे पाऊण रुपया. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण जिथे मजुरी बरेचदा शून्य होती, तिथे बारा आणे मागणं म्हणजे मालकाला मालक मानायला नकार देणं होतं.

लावणीच्या ऐन हंगामात हे घडलं, त्यामुळे जमीनदारांना वाट पाहणं परवडणारं नव्हतं. पाहता पाहता वेठ बंद पडली.

मग आला १० ऑक्टोबर १९४५. गोदावरीबाई तलवाड्याला येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी पसरवली गेली. हजारो वारली तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. लोक तरीही हलले नाहीत, कारण बाईंचं रक्षण करायला आलो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. यानंतर परुळेकर दाम्पत्याला ठाणे जिल्ह्यात येण्यास बंदी घालण्यात आली. हा दिवस तलासरी भागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

१९४६ मध्ये लढा शेतातून गवताच्या रानात आणि जंगलात गेला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत आणि वखारींना लागणारं लाकूड याच भागातून जायचं. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये आणि जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया, अशा मागण्या होत्या. मुंबईच्या गरजेवर चालणाऱ्या व्यवसायाला हात घातल्यावर प्रकरण थेट सरकारपर्यंत गेलं. प्रांताचे पंतप्रधान होते बाळासाहेब खेर. गंमत अशी की खेरांनी स्वतः १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ काढलं होतं, वारल्यांचे हाल त्यांना ठाऊक होते. पण गृहखातं मोरारजी देसाई यांच्याकडे होतं आणि संप मोडण्यासाठी पोलीसबळ वापरलं गेलं. परुळेकरांवर पुन्हा जिल्हाबंदी आली. त्याच सुमारास सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू करून ठेकेदाराला पर्याय उभा करायचा प्रयत्न केला. चळवळीचा दबाव नसता तर हे इतक्या लवकर झालं असतं का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

१९५७ : एका मतदारसंघातून दोन खासदार

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ची निवडणूक झाली. ठाणे मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे दोन खासदार निवडून आले. एक शामराव, दुसरे लक्ष्मण महादू मातेरा.

एका मतदारसंघातून दोन खासदार कसे? तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव, आणि मतदाराला दोन मतं. १९६१ मध्ये कायदा करून ही पद्धत बंद झाली. म्हणजे बारा वर्षांपूर्वी ज्यांना गावात सावकारासमोर उभं राहायची सोय नव्हती, त्यांच्या जिल्ह्याने अनुसूचित जमातीचा एक खासदार आणि त्यांच्या लढ्याचा एक नेता, असे दोघे एकदम दिल्लीला पाठवले.

वेळही विलक्षण होती. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली होती. त्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानलं जाणार होतं. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्याने. शामराव लोकसभेत गेले आणि हा कायदा गावात आला, यात जेमतेम काही आठवड्यांचं अंतर आहे.

खासदार म्हणून जमिनीबाबत काय करता येत होतं?

हा प्रश्न आजही विचारला जातो, म्हणून थोडं थांबून पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार जमीन, कुळांचे हक्क, सारा आणि हस्तांतरण हे विषय राज्य सूचीत आहेत. म्हणजे कुळकायदा बदलायचा तर तो मुंबईच्या विधानसभेत, दिल्लीत नाही. शामरावांचा विषय ज्या सभागृहात निकाली निघायचा, त्या सभागृहात ते नव्हतेच.

तरीही लोकसभा बिनकामाची नव्हती. पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांची जबाबदारी शेवटी केंद्राकडे येते आणि राज्यपालांना आदिवासींच्या जमिनीच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार आहे. अनुसूचित क्षेत्रांचा आढावा घेणारा ढेबर आयोग याच लोकसभेच्या काळात, १९६० मध्ये नेमला गेला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कमाल जमीनधारणा आणि सहकारी शेती हे मोठे वादाचे मुद्दे होते. शामरावांचा पक्ष २७ खासदारांसह सगळ्यात मोठा विरोधी पक्ष होता. जमीन वाटपाची मागणी राष्ट्रीय पातळीवर लावून धरणारा बाक तोच.

खरी अडचण वेगळीच होती. कुळकायद्याचा फायदा कुळाला. मजुराला नाही. आणि वारल्यांतले कितीतरी जण कागदोपत्री कूळ नव्हतेच, गडी होते. जे कूळ होते त्यांच्याकडे खंडाची पावती नसायची. पीकपाहणीला तलाठी कुणाचं नाव लावतो, यावर सगळं अवलंबून. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मालकीचा निर्णय सातबाऱ्याच्या एका रकान्यावर होत होता. अशा वेळी किसान सभेचं गावोगावचं काम हे संसदेतल्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी ठरलं, असं म्हणणं शामरावांचा अपमान नाही. ते स्वतः त्याच कामातून आले होते.

त्यांच्या खासदारकीतच जिल्ह्याचा नकाशा बदलला. १९६० च्या मुंबई राज्य पुनर्रचना कायद्याने उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातेत गेली, तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. भाषेच्या रेषेने एकाच समाजाची आणि एकाच चळवळीची दोन राज्यांत वाटणी झाली.

दक्षिणेकडे कारखाने, उत्तरेकडे तीच रानं

शामरावांची खासदारकी संपली त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९६२ रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. पुढे अंबरनाथ, डोंबिवली. ठाणे-कल्याण पट्टा कारखान्यांचा आणि मग इमारतींचा झाला, जिल्ह्याचं उत्तर टोक मात्र मजूर पुरवणारा भाग राहिला. रेल्वे आणि रस्ते कुठून गेले, यावरून ठाणे जिल्ह्यात जमिनीला भाव कुठे आला ते ठरलं. कसणाऱ्याच्या नावावर जमीन वेळेत झाली की नाही, यावरून तो भाव कुणाच्या खिशात गेला ते ठरलं.

चीन युद्धाच्या वेळी, १९६२ मध्ये, कम्युनिस्ट नेत्यांची धरपकड झाली. १९६४ मध्ये पक्ष फुटला, परुळेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि पुन्हा अटक झाली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात असतानाच शामरावांचं निधन झालं. गोदावरीबाई त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ काम करत राहिल्या. १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्या गेल्या.

आज हे का वाचायचं?

कारण जमिनीची फाइल अजून बंद झालेली नाही. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत वनजमिनीचे तुकडे एक-एक वर्षाच्या कराराने कसायला दिले होते. हे ‘एकसाली’ प्लॉट पिढ्यान्‌पिढ्या कसले गेले तरी मालकीचा प्रश्न लोंबकळत राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमीन कसणाऱ्यांना दावा करायचा मार्ग दिला, पण दावे मंजूर होणं, मोजणी होणं आणि सातबाऱ्यावर नाव येणं या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च ठाण्यातून मुंबईत शिरला, तेव्हा लाल टोप्या घातलेल्या त्या रांगेत आदिवासींची संख्या मोठी होती आणि मुख्य मागण्यांमध्ये वनजमिनीचा हक्क होता. परीक्षेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण होऊ नये म्हणून ते शेवटच्या रात्री चालत आझाद मैदानात पोहोचले. ज्या संघटनेचा तो मोर्चा होता, तिची महाराष्ट्रातली पहिली परिषद ठाणेकरांच्या रोजच्या लोकल मार्गावर, कल्याणच्या पुढे तिसऱ्या स्थानकावर भरली होती.