एडवर्ड मायब्रिज

एडवर्ड मायब्रिज (जन्म : ९ एप्रिल १८३०, किंग्स्टन अपॉन थेम्स, इंग्लंड, मृत्यू : ८ मे १९०४, किंग्स्टन अपॉन थेम्स) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि मुख्यतः अमेरिकेत कार्य केलेले छायाचित्रकार होते. ओळीने मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने धावत्या घोड्याची हालचाल टिपण्याच्या प्रयोगांसाठी ते प्रसिद्ध आहेत. कॅमेऱ्यांमधील अंतर, पार्श्वभूमीवरील मोजरेषा आणि शटर उघडण्याची वेळ यांचा मेळ घालून छायाचित्रातून मोजमाप करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

पूर्वायुष्य

त्यांचे मूळ नाव एडवर्ड जेम्स मगरिज असे होते. आडनावाचे रूप त्यांनी अनेकदा बदलले. १८५०च्या सुमारास ते अमेरिकेला गेले व पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे ग्रंथविक्रीचा व्यवसाय करू लागले. १८६० साली टेक्सासमध्ये घोडागाडीच्या अपघातात त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. उपचारांसाठी ते इंग्लंडला परतले. १८६७मध्ये ते पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत आले, ते छायाचित्रकार म्हणूनच. हीलिओस या नावाने प्रसिद्ध केलेल्या योसेमिटी खोऱ्याच्या छायाचित्रांनी त्यांना नावलौकिक मिळाला.

१८७२मध्ये कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर व रेल्वे उद्योगपती लेलंड स्टॅनफर्ड यांनी त्यांना आपल्या घोड्याची छायाचित्रे काढण्यास बोलावले. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीपासून सुटतात की नाही, हा त्या काळी वादाचा विषय होता. स्टॅनफर्ड यांनी यावर मोठी पैज लावली होती, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला विश्वसनीय आधार सापडलेला नाही.

हत्येचा खटला

पत्नी फ्लोरा हिचे हॅरी लार्किन्स याच्याशी संबंध असल्याचे कळल्यावर ऑक्टोबर १८७४मध्ये मायब्रिज यांनी लार्किन्सला गोळी घालून ठार केले. जुन्या दुखापतीमुळे त्यांचे मन स्थिर नव्हते, असा बचाव वकिलांनी मांडला. ज्यूरीने तो मानला नाही, मात्र कृत्य समर्थनीय ठरवून १८७५च्या फेब्रुवारीत त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्यानंतर ते काही काळ मध्य अमेरिकेत राहिले. फ्लोराचा त्याच वर्षी मृत्यू झाला.

पालो आल्टो येथील प्रयोग

जून १८७८मध्ये पालो आल्टो येथील स्टॅनफर्ड यांच्या अश्वशाळेत मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे एका ओळीत बसवले. समोरच्या बाजूस पांढरी पार्श्वभूमी उभारून तीवर रेषा आखण्यात आल्या. शटर विजेच्या साहाय्याने सोडण्याच्या यंत्रणेसाठी रेल्वेतील अभियंता जॉन आयझॅक्स यांची मदत झाली. गाडी ओढणारा घोडा दुडक्या चालीने गेला की गाडीच्या चाकाखाली तारा दाबल्या जात. स्वार बसलेली सॅली गार्डनर ही घोडी चौखूर धावताना आडवे ताणलेले धागे छातीने तोडत गेली. प्रत्येक धाग्यासरशी एक शटर सुटत असे.

सॅली गार्डनरच्या छायाचित्रांसोबत मोजमापेही छापण्यात आली. उभ्या रेषांमधील अंतर २७ इंच होते व आडव्या रेषा ४-४ इंचांवर होत्या. दोन छायाचित्रांमधील काळ सुमारे १/२५ सेकंद, तर प्रत्येक छायाचित्राचा प्रकाशनकाळ १/२००० सेकंदाहून कमी होता. ही मोजमापे एकमेकांशी जुळतात. घोडीचा नोंदलेला वेग १०० सेकंदांत एक मैल, म्हणजे ६३,३६० इंच, असा होता. त्या वेगाने २७ इंचांस सुमारे १/२३ सेकंद लागतो. घोड्याचे चारही पाय अधांतरी असतात हे सिद्ध झाले. परंतु चित्रकार दाखवीत त्याप्रमाणे ते पुढेमागे पसरलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना.

या पद्धतीत एक मर्यादा होती. धाग्यांमुळे अंतर समान राहत असले, तरी वेग बदलल्यास काळ समान राहत नसे. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याची जागा वेगळी असल्याने दृष्टिकोनही बदलत असे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-झ्यूल मारे यांनी १८८२पासून एकाच कॅमेऱ्याने ठरावीक कालांतराने चित्रे घेण्याचा मार्ग स्वीकारला. मायब्रिज यांनी १८७९मध्ये कॅमेऱ्यांची संख्या २४ केली. त्याच वर्षी एकाच व्यक्तीभोवती अर्धवर्तुळात ५ कॅमेरे ठेवून एकच क्षण निरनिराळ्या कोनांतून टिपण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

स्टॅनफर्ड यांच्याशी वाद

१८८२मध्ये स्टॅनफर्ड यांच्या आश्रयाने जे. डी. बी. स्टिलमन यांचा घोड्याच्या गतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मायब्रिज यांच्या छायाचित्रांवरून काढलेली चित्रे होती, पण मुखपृष्ठावर त्यांचे नाव नव्हते. त्यांचा उल्लेख स्टॅनफर्ड यांचा नोकर असल्यासारखा होता. त्या वेळी ते लंडनमध्ये होते. रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध प्रसिद्ध करण्याचे मान्य केले होते, परंतु या ग्रंथामुळे त्यांच्या श्रेयाविषयी शंका घेतली गेली व निबंध परत करण्यात आला. मायब्रिज यांनी स्टॅनफर्ड यांच्यावर दावा केला, मात्र तो फेटाळला गेला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कार्य

१८८४पासून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नव्याने काम सुरू केले. येथे बाजूने २४ कॅमेऱ्यांची एक ओळ आणि अन्य दोन कोनांतून प्रत्येकी १२ कॅमेऱ्यांचे संच अशी रचना होती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या धाग्यांनी ५ सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या होत्या. शटर विद्युतचुंबकाने सुटत व त्यांच्या वेळा कालमापकावर नोंदवल्या जात. माणसे, पाळीव प्राणी आणि फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातील पशुपक्षी यांची छायाचित्रे ७८१ पत्रांच्या ॲनिमल लोकोमोशन (१८८७) या संग्रहात प्रसिद्ध झाली.

मार्टा ब्राउन यांच्या अभ्यासातून दिसून आले, की यांतील अनेक पत्रांत निकामी ठरलेल्या चित्रांच्या जागी दुसरी चित्रे घातली आहेत वा क्रम बदललेला आहे. त्यामुळे हा संग्रह शास्त्रीय नोंद म्हणून वापरताना सावधगिरी बाळगावी लागते. कलावंतांसाठी मात्र तो आजही मोलाचा संदर्भ आहे.

उत्तरायुष्य व वारसा

१८७९मध्ये त्यांनी झूप्रॅक्सिस्कोप हे प्रक्षेपक यंत्र बनवले. फिरत्या काचेच्या तबकडीवरील चित्रे त्यातून पडद्यावर हलताना दिसत. यंत्रात चित्रे आखूड दिसत असल्याने ती मुद्दाम लांबट रंगवावी लागत. १८८८मध्ये त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. १८९४मध्ये ते कायमचे इंग्लंडला परतले. त्यांनी आपली साधनसामग्री मृत्युपत्राद्वारे किंग्स्टनला दिली.

आज संगणकीय दृष्टीच्या क्षेत्रात एकाहून अधिक कॅमेरे वापरताना प्रत्येकाचे स्थान, दिशा व भिंगाचे गुणधर्म आधी निश्चित करावे लागतात. त्यासाठी ज्ञात मापाच्या चौकटींचा फलक सर्व कॅमेऱ्यांना दाखवला जातो आणि त्यांची वेळ एकमेकांशी जुळवली जाते. मायब्रिज यांच्याकडे त्यासाठीचे गणित नव्हते. तथापि ज्ञात अंतराची जाळी व नियंत्रित वेळ ही दोन्ही तत्त्वे त्यांच्या रचनेत स्पष्ट दिसतात.